ताण हलका करण्याचे रोजचे उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. फक्त प्रश्न १ आधी वाचा, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत त्याचा आधार घेतला आहे. छातीत दुखत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर बाकीचं राहू द्या आणि थेट प्रश्न २ किंवा २० गाठा.

१. टेन्शन, चिडचिड, उदासी, कंटाळा हे सगळं एकच का? नेमका कोणता उपाय करायचा हे कसं ठरवू?

एकच नाही. उपाय लागू पडत नाहीत त्याचं नेहमीचं कारणही हेच असतं: अवस्था एक आणि इलाज दुसरीचा. कामापुरत्या तीन अवस्था ओळखता आल्या तरी पुरे.

पहिली धडधड. छाती उडते, तळवे घामेजतात, जबडा आवळलेला, पोटात गोळा. इथे शरीर पेटलेलं असतं, म्हणून आधी शरीरच शांत करायचं (प्रश्न २ ते ६). दुसरं विचारांचं गुऱ्हाळ. शरीर तसं ठीक असतं, पण डोक्यात तेच ते दळण चालू असतं: त्याने असं का म्हटलं, पैशांचं कसं होणार. इथे विचारांना कागदावर जागा लागते (प्रश्न ९ आणि १०). तिसरी मरगळ. धडधड नाही, विचारही फारसे नाहीत, पण कशातच जीव रमत नाही. इथे आराम केल्याने उलट नुकसान होतं. हालचाल हवी (प्रश्न ७ आणि ८).

मरगळ आलेल्या माणसाला शवासनात झोपवलं तर तो आणखी खोल जातो. छाती धडधडणाऱ्याला 'बस आणि नीट विचार कर' म्हटलं तर गुऱ्हाळ सुरू होतं. तिन्ही एकत्र असतील तर क्रम हा: आधी धडधड, मग हालचाल, कागद सगळ्यात शेवटी.

२. आत्ता या क्षणी जीव घाबरा होतोय. दोन मिनिटांत काय करता येईल?

आधी एक खात्री करा. छातीवर वजन ठेवल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणं, थंडगार घाम, दम लागणं, यांतलं काही असेल तर श्वासाचे प्रयोग नकोत. १०८ ला फोन करा. 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात मोलाचा वेळ जातो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर प्रश्न १८ पाहा.

तसं काही नसेल तर पाठ टेकून बसा. नाकाने ४ आकडे मोजत श्वास आत घ्या. मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तितक्याच हळू, ६ आकडे मोजत सोडा. असे १२ श्वास म्हणजे दोन मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. सगळी मेख तिथे आहे, घेण्यात नाही.

मोजणं जमत नसेल इतकी धडधड असेल तर गार पाण्यात रुमाल भिजवून डोळे आणि गाल झाकतील असा धरा, थोडं पुढे वाका आणि १५ सेकंद श्वास रोखा. चेहऱ्यावर गार पाणी आणि श्वास रोखलेला, या जोडीने ठोके मंदावतात. पाणबुड्या प्राण्यांत असते तीच प्रतिक्रिया माणसातही आहे. हृदयविकार असेल, नाडी मुळातच मंद असेल किंवा ठोके कमी करणारी गोळी चालू असेल, तर हा उपाय टाळा.

घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो. तो थांबवायची धडपड केली की लांबतो.

३. 'दीर्घ श्वास घ्या' असं सगळे सांगतात, पण मला त्याने चक्करच येते. माझंच काही चुकतंय का?

सांगणाऱ्याचं चुकतंय. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. त्यात छाती फुगवून आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटं आखडतातही. ते पाहून माणूस अजून घाबरतो आणि अजून मोठा श्वास घेतो.

दुरुस्ती सोपी आहे. श्वास मोठा नको, हळू हवा. एक हात छातीवर आणि एक बेंबीवर ठेवा. वरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. ४-६ जमत नसेल तर ३ घ्या, ४ सोडा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो अंगाशी येतो.

४. भ्रामरी, अनुलोम-विलोम, कपालभाती: ताणासाठी यातलं कोणतं?

धडधडीला भ्रामरी. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना लागू न देता, सोडत्या श्वासावर 'म्म्म' असा गुंजारव करायचा. एक गुंजारव ६ ते १० सेकंद, अशा ५ ते ७ आवृत्त्या. कानात बोट खुपसायचं नाही. कानाच्या भोकापुढची छोटी पाकळी हलकेच दाबली की पुरतं. आवाज घुमायला लागला की श्वास सोडणं आपोआप लांबतं, आकडे मोजावे लागत नाहीत. लोकांना जमणाऱ्या प्रकारांत आमच्या मते हाच पहिला.

अनुलोम-विलोमही चालेल, पण श्वास न रोखता. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी सोडून द्या.

कपालभाती या कामाची नाही. ती भराभर उच्छ्वासाची क्रिया आहे. धडधडीत केली तर प्रश्न ३ मधली चक्कर ओढवून घ्याल. गरोदरपण, उच्च रक्तदाब, हर्निया, फिट्स येत असतील, तर एरवीही करू नये.

५. श्वासावर लक्षच राहत नाही. त्याऐवजी रामरक्षा किंवा मारुती स्तोत्र म्हटलं तर चालेल का? आणि देवधर्मावर विश्वास नसेल तर?

चालेल, पण म्हणण्याची गती महत्त्वाची. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं की लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. प्रश्न २ मधली ४-६ ची मोजणी करून आपण तिथेच पोचतो.

एका श्वासात एक ओळ, मग सावकाश श्वास, मग पुढची ओळ. आंघोळीचं पाणी तापेपर्यंत उरकायचं म्हणून आगगाडीसारखी म्हटलेली रामरक्षा पुण्य देत असेल, पण नाडी खाली आणत नाही.

विश्वास नसेल तर पाढे म्हणा. सतराचा पाढा सावकाश म्हणताना डोकंही त्यात गुंततं. एखादं गाणं, बडबडगीत, अभंग, काहीही चालतं. जात्यावरच्या ओव्यांत हे आपसूक घडायचं: हाताला एक लय, आणि गळ्यातून लांबवत नेलेली ओळ.

६. दिवसभर खुर्चीत बसून मान-खांदे दगड होतात. मालिश केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घरी काय करू?

स्नायू मुद्दाम आवळून सोडण्याची पद्धत वापरा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती शंभरेक वर्षांपूर्वी बसवली. नुसतं 'सैल सोड' म्हटलं तर आखडलेल्या माणसाला सैल म्हणजे काय तेच आठवत नाही. आधी आवळलं की फरक कळतो.

आडवे व्हा किंवा खुर्चीत टेकून बसा. पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, दंड, खांदे, चेहरा या क्रमाने जा. प्रत्येक ठिकाणी ५ ते ७ सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि २० ते ३० सेकंद तिथलं जड, ऊबदार वाटणं नुसतं पाहा. पूर्ण फेरीला चार-पाच मिनिटं लागतात. दोन आठवडे रोज केलं की ऑफिसात नुसते खांदे कानाकडे उचलून सोडले तरी काम भागतं.

नेहमीच्या चुका दोन. सगळी ताकद लावली की दुखतं. अर्ध्याहून थोडा जास्त जोर पुरे. आणि पोटरी आवळताना पायाची बोटं पुढे ताणली की गोळा येतो. बोटं स्वतःकडे ओढा. मानेच्या मणक्याचं दुखणं असेल तर मान वगळा.

७. चालल्याने मूड सुधारतो म्हणतात. किती चालायचं? पावसाळ्यात काय?

मूड उचलायला दहा मिनिटंही चालतात, फक्त चाल हवी. एका मिनिटात शंभरेक पावलं पडावीत. बोलता यावं पण गाता येऊ नये, हे माप. तब्येतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचं आहे. मरगळीत तो आकडा भिंतीवर लावू नका, तो पाहूनच लोक बसकण मारतात. दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच वाढवा.

शक्यतो सकाळी, उजेडात. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही वेळेवर येते. घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा ढगाळ आभाळाचा उजेड कितीतरी पट जास्त असतो, तेव्हा कोकणातल्या धो धो पावसातही ओटीवर किंवा पडवीत येऊन उभं राहण्याला अर्थ आहे. पाऊस थांबतच नसेल तर इमारतीचा जिना: दोन मजले चढ-उतार, तीनदा. गुडघे कुरकुरत असतील तर चढा, उतरताना लिफ्ट घ्या. गुडघ्यावर भार उतरताना जास्त येतो.

आणि हो, गच्चीवर फेऱ्या मारता मारता सोसायटीच्या मेंटेनन्सवरून वाद घालणं यात धरलेलं नाही.

८. हे सगळं पटतं हो, पण उठावंसंच वाटत नाही. इच्छा होण्याची वाट पाहतोय.

वाट पाहू नका, ती आधी येत नाही. मरगळीत क्रम उलटा होतो: आधी कृती, मग इच्छा. मानसोपचारात या तत्त्वावर उदासीनतेचा एक पूर्ण उपचारच उभा आहे आणि तो चांगला चालतो.

काम इतकं बारीक करा की नकार द्यायला लाज वाटेल. 'आंघोळ करायची' हे मोठं आहे. 'टॉवेल नेऊन बाथरूमच्या खुंटीला लावायचा' हे पहिलं काम. 'घर आवरायचं' नाही, 'टीपॉयवरचे कप सिंकमध्ये'. पाच मिनिटं झाल्यावर थांबायची पूर्ण मुभा, आणि ती खरी असली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी मन फसत नाही.

काम मूडला नाही, घड्याळाला बांधा. 'बरं वाटलं की फोन करेन' असं नाही, 'साडेपाचला मावशीला फोन'. दिवसात दोन प्रकारची कामं असू द्या: एक हातावेगळं झाल्याचं समाधान देणारं (बिल भरणं, शर्टाला बटण लावणं), एक नुसत्या मजेचं. लोक पहिलंच तेवढं करतात आणि मग सगळं रुक्ष वाटतं म्हणतात.

कामाआधी आणि नंतर मूडला ० ते १० पैकी गुण लिहा. दोनाचे तीन झाले तर ते यशच. गुण लिहायचं कारण असं की उदास मन 'काहीच फरक पडला नाही' असं ठोकून देतं. कागद खरं सांगतो.

९. दिवसा ठीक असतं, पण अंथरुणावर पडलं की विचारांची गाडी सुरू. रात्री दोनपर्यंत जाग.

याचं अर्धं काम संध्याकाळी करायचं असतं. जेवणाच्या बरंच आधी, समजा साडेसहाला, २० मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. कागदावर दोन रकाने: 'माझ्या हातात आहे' आणि 'नाही'. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येकापुढे एक कृती लिहा. 'कर्जाचं बघणे' ही कृती नव्हे. 'सोमवारी अकराला बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलता येतो का विचारणे' ही कृती. वेळ संपली की वही बंद. रात्री तोच विचार आला की 'उद्या साडेसहाला' एवढंच म्हणायचं. पहिले चार-पाच दिवस हसू येईल, मग मन ऐकायला लागतं.

उरलेलं अर्धं अंथरुणाचं. झोप येत नाही असं वाटून वीसेक मिनिटं झाली (घड्याळ न पाहता, अंदाजाने) की उठा आणि मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. झोप आली तरच परत. उद्देश हा की अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा हे समीकरण तुटावं. एका खोलीचं घर असेल तर दुसऱ्या खोलीत जा असं सांगून उपयोग नाही. गादीवरून खाली उतरून भिंतीला टेकून बसलं तरी चालतं. मात्र गादी झोपायच्या वेळीच घाला, संध्याकाळपासून तिच्यावर लोळत टीव्ही नको.

उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा. रात्री कितीही जागरण झालं तरी.

१०. मनातलं लिहून काढलं की हलकं वाटतं म्हणतात. मी लिहिलं आणि उलट रडूच आलं. बंद करू का?

तासा-दोन तासांत ओसरत असेल तर बंद करू नका, ते अपेक्षित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत तपासली: १५ ते २० मिनिटं, सलग तीन-चार दिवस, एकाच प्रसंगाबद्दल, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहून झाल्या झाल्या पुष्कळांना वाईट वाटतं, फायदा पुढच्या आठवड्यांत दिसतो. म्हणून झोपण्याआधी लिहू नका.

चौथ्या दिवशीचं लिखाण पहिल्या दिवसाचीच नक्कल असेल तर तो मोकळं होणं नसून गुऱ्हाळ आहे. थांबा आणि प्रश्न ९ मधले रकाने वापरा. अपघात, मृत्यू, अत्याचार असं काही ताजं असेल तर एकट्याने लिहायला बसू नका. कागद कुणाच्या हाती लागेल अशी धास्ती असेल तर लिहून फाडून टाका. ठेवण्याशी फायद्याचा संबंध नाही.

११. चहा सोडावा लागेल का?

नाही. वेळ बदला. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कडक उकळलेल्यात जास्त. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात फिरतंय. शेवटचा चहा दुपारी तीन-चारचा ठेवा.

एकदम तोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि लोक त्यालाच ताण समजतात. दर तीन दिवसांनी पाव कप कमी करा. उपवासाच्या दिवशी खास काळजी: रिकाम्या पोटी चार कप चहा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, यावर संध्याकाळी चिडचिड झाली तर दोष मनाचा नाही. मूठभर शेंगदाणे, ताक, केळं मध्ये मध्ये घ्या.

१२. मशेरी लावली, सिगारेट ओढली की खरंच शांत वाटतं. आणि रात्री थोडी घेतली की झोप लागते. मग वाईट काय?

शांत वाटतं ते खरं, पण कारण वेगळं आहे. तंबाखूतलं निकोटिन उतरायला लागलं की अस्वस्थता येते, पुढची चिमूट ती अस्वस्थता घालवते. आग लावणारा आणि विझवणारा एकच. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे चिडके जातात, नंतर मूड आधीपेक्षा चांगला होतो.

दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि सकाळी धडधड वाढलेली असते. रोज घेणाऱ्याने मात्र एका रात्रीत बंद करू नये; हातापायांना कंप, भ्रम, फिट्स येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करत आहे.

१३. मोबाइल बघून थोडं बरं वाटतं की जास्त बिघडतं?

अर्धा तास मोबाइल बघण्याआधी आणि बघून झाल्यावर मूडला गुण लिहा (प्रश्न ८), तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल. ज्याला वाईट गुण पडले ते बंद: बहुधा बातम्या, नातेवाइकांचे ग्रुप आणि शाळेतल्या मित्रांचे परदेशी सहलीचे फोटो. ग्रुप सोडला तर रुसवे होतात. म्यूट करा, कुणाला कळत नाही. रात्री फोन हाताला येणार नाही इतक्या लांब चार्जिंगला लावा आणि उठण्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा.

१४. घर, सासू-सासरे, मुलं, नोकरी. 'स्वतःसाठी वेळ काढा' हे ऐकूनच डोकं फिरतं.

बरोबर आहे. तो सल्ला देणाऱ्याच्या घरी भांडी कोण घासतं ते आधी विचारावं.

नवा वेळ काढू नका, असलेल्या कामातलं एक निवडा आणि ते सावकाश करा. मेथी निवडणं यासाठी उत्तम. जुडी सोडायची, एकेक काडी उचलायची, पान खुडताना होणारा बारीक आवाज, बोटांना लागणारा ओलावा, हिरवट कडू वास. मन पळालं की परत पुढच्या काडीवर. दहा मिनिटं, टीव्ही बंद. वाती वळणं, मटार सोलणं, दारात चार ठिपक्यांची रांगोळी, सगळ्याचं काम तेच: हात गुंततात, लक्षाला मऊसा खुंटा मिळतो.

पण स्पष्ट सांगायचं तर, ताण कामाच्या वाटणीचा असेल तर मेथीने सुटत नाही. घरातल्या कामांची यादी एका कागदावर करून ती सगळ्यांसमोर ठेवा आणि दोन कामं नावानिशी दुसऱ्याकडे द्या. 'मदत करत जा' म्हटलं की कुणीच करत नाही. 'मंगळवार आणि शुक्रवारचा डबा तुझा' म्हटलं की होतं. पहिले काही डबे बेचव निघतील. हस्तक्षेप करू नका.

१५. ध्यानाला डोळे मिटून बसलं की जास्तच अस्वस्थ होतं.

असं अनेकांना होतं, तुमच्या श्रद्धेत किंवा प्रयत्नात खोट नाही. विशेषतः आधी मोठा आघात झालेला असेल तर शांतता अंगावर येते. डोळे उघडे ठेवून जमिनीवर हातभर अंतरावर नजर ठेवा, वेळ तीनच मिनिटं. किंवा बसूच नका, चालताना पावलं मोजा. त्यानेही भागत नसेल तर आजूबाजूच्या पाच दिसणाऱ्या, चार स्पर्शाच्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या आणि एक चवीची अशा गोष्टी नावाने मोजा.

इगतपुरीला किंवा इतर कुठे दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचा विचार असेल आणि पूर्वी तीव्र नैराश्य, भ्रम किंवा मानसिक आजाराचं औषध चालू असेल, तर अर्जात ते लपवू नका आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

१६. अश्वगंधा घेऊ का? झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना?

झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं नसतं. काहींना तिने ताण आणि झोपेत फरक पडतो. पण यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची पातळी ती वाढवू शकते. गरोदरपणात नको. थायरॉइडची, झोपेची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. घेत असताना लघवी गडद, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच बंद.

१७. आम्ही कॅनडात आहोत. नोव्हेंबर ते मार्च दरवर्षी माझा मूड खाली जातो, वसंतात आपोआप सुधारतो.

हिवाळ्यात दिवस लहान झाल्याने येणारी ही उदासीनता वैद्यकशास्त्राने १९८४ पासून नाव देऊन ओळखली आहे. भारतातून गेलेल्यांना ती पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात घरची आठवण वाटते. तिच्यासाठी १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा मिळतो. उठल्यावर पहिल्या तासात, २० ते ३० मिनिटं, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर (बहुधा हातभर) बाजूला ठेवून, थेट न बघता. चहा-पोहे खाता खाता होतं. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा कधी अतिउत्साहाचा झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाची गोळी याची जागा घेत नाही.

१८. मला मधुमेह आहे. धडधड, घाम, थरथर हे ताणाचं की साखर कमी झाल्याचं?

अंदाज बांधू नका, ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. श्वासाचे व्यायाम नंतर. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा.

१९. दोन महिने सगळं नियमाने करतेय. फरक शून्य. आता?

आता रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी १२ आणि साखर. कमी चालणारं थायरॉइड, पंडुरोग आणि बी १२ ची कमतरता हुबेहूब मरगळीसारख्या दिसतात. शाकाहारी घरात बी १२ कडे आधी बघा. जोरात घोरत असाल आणि सकाळी डोकं जड असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी. नुकतं सुरू झालेलं एखादं औषध, उदाहरणार्थ स्टेरॉइड, हेही डॉक्टरांना सांगा.

बाळंतपण नुकतंच झालं असेल तर हिशोब वेगळा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं सामान्य आहे आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे टिकलं तर सव्वा महिना होण्याची वाट पाहू नका. बाळंतिणीला रात्री सलग चार तास झोप मिळेल अशी घरच्यांनी पाळी लावणं हा पहिला उपाय. रात्रीमागून रात्री झोपच नाही, भास होतात, बाळाला इजा करावीशी वाटते, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

२०. डॉक्टरांकडे कधी जायचं? आणि कुठे?

उदासी किंवा कशातच रस नसणं, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे टिकलं आणि काम, झोप, जेवण बिघडलं, की जायचं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही.

१४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतही. जिवाला धोका असेल तर ११२. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग जवळचा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, बोलण्याचे उपचार मानसशास्त्रज्ञ करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचे आहेत; कंपनीने हात वर केले तर कायद्याचं नाव घ्या.

२१. भाऊ आतून खचलाय, पण 'मला काय वेड लागलंय का' म्हणतो. कसं बोलायचं?

'पॉझिटिव्ह विचार कर' आणि 'लोकांचं बघ किती वाईट आहे' ही दोन वाक्यं गिळा. मनाबद्दल बोलू नका, झोपेबद्दल बोला: 'तीन आठवडे झोपला नाहीस, एकदा डॉक्टरांना दाखवू.' याला फारसं कुणी नाही म्हणत नाही. 'काही लागलं तर सांग' याऐवजी 'चल, कोपऱ्यावरून भाजी आणू', आणि चप्पल पायात घालून उभे राहा.

शंका असेल तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. शेतीच्या घरात कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा, ठेवणीतल्या गोळ्यासुद्धा. ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि साधन हाताशी नसणं तेवढ्या वेळात जीव वाचवतं. मग प्रश्न २०.

२२. डॉक्टरांनी उदासीनतेची गोळी सुरू केली. आठवडा झाला, उलट मळमळच होते. आता हे उपाय करू की गोळी बंद करू?

दोन्ही चालू ठेवा. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक सहा-आठ आठवड्यांत. मळमळ आणि थोडी बेचैनी पहिल्या आठवड्यातच जास्त असते. जेवणानंतर घेऊन पाहा. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार नव्याने आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बरं वाटायला लागल्यावर मनाने बंद करू नका: साधारण सहा महिने पुढे चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम तोडली की चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. गोळी संपायच्या चार दिवस आधी नवीन पट्टी आणून ठेवा; गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाताना ती पिशवीत सगळ्यात आधी टाका.